डावीकडचा बैल उजवीकडे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात कोंढा हे आमचं गाव. सगळा धानाचा मुलूख. माझ्या लहानपणी घरी बैलबंडी होती आणि हिऱ्या-मोऱ्या नावाची बैलजोडी होती. हिऱ्या नेहमी डावीकडे जुंपायचा, मोऱ्या उजवीकडे. मी सातवीत असताना एकदा ऐन कापणीच्या दिवसांत बाबांना ताप आला. धानाचे भारे खळ्यावर आणायचे होते. मी मोठ्या ऐटीत बंडी जुंपली. जुंपताना हिऱ्या उजवीकडे गेला आणि मोऱ्या डावीकडे. दोन बैल आणि एक जू, एवढाच माझा हिशेब. सरळ वाटेवर कसंबसं निभावलं, पण वळण आलं आणि दोघंही आपापल्या जुन्या बाजूला ओढू लागले. बंडी धुऱ्यावर चढली, एक चाक बांधीत उतरलं आणि निम्मे भारे खाली आले. संध्याकाळी मी बैलांच्या नावानं बोटं मोडत घरी आलो. बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "त्याईचं काही चुकलं नाही. बाजू तं तूनं बदलवली."

हे वाक्य मला जवळपास पन्नास वर्षांनी आठवलं, तेही अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मोटारीच्या चाकामागे बसलेलो असताना. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

आमची मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. २०१९ साली मुलीचं बाळंतपण होतं म्हणून मार्च महिन्यात मी आणि सौ. तिकडे गेलो. तोवर मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. जावयांची नोकरी फिरतीची. महिन्यातले आठ-दहा दिवस ते परगावी असत. त्यांच्या घराजवळून बस जात नाही. दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते, दवाखाना तर बराच लांब. बाळंतपणाच्या दिवसांत जावई घरी नसले आणि रात्री-अपरात्री काही लागलं तर काय करायचं, या काळजीतून मी तिकडे गाडी चालवायची असं ठरलं. मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, निघण्याआधी तिकडून परवाना घेऊन या."

या परवान्याबद्दल पुष्कळांना माहिती नसते, म्हणून थोडं सांगतो. १९४९ साली जिनिव्हा इथं रस्ता वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सहभागी आहे. त्या कराराप्रमाणे आपल्याकडचा वाहन परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याला प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. राखाडी वेष्टनाची लहानशी पुस्तिका असते. मुदत एक वर्ष. ती एकटी चालत नाही, सोबत मूळ परवाना ठेवावा लागतो. ही सोय मुख्यतः पाहुण्यांसाठी आहे. कायमचं राहायला जाणाऱ्याला त्या त्या देशाचा परवाना काढावा लागतो. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाचा भारतीय परवाना पहिले सहा महिने चालतो, नंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. तेव्हा जिथं जायचं तिथला नियम आधी विचारून घ्यावा, आणि विमा कंपनीलाही कळवावं. आमच्या जावयांनी गाडीच्या विम्यात माझं नाव चढवलं, तेव्हाच मला किल्ली हातात मिळाली.

आता मुख्य अडचण. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि गाडीचं चाक डावीकडे असतं. पहिल्या दिवशी मी सवयीनं उजवीकडचं दार उघडून आत बसलो. समोर चाकच नाही. शेजारच्या अंगणात उभ्या असलेल्या बाईंनी पाहिलं आणि हसू दाबलं. मग डावीकडे जाऊन बसलो. वळायचं म्हणून इशारा द्यायला दांडी ओढली, तर कोरड्या काचेवर पाणी पुसायचा दांडा फिरू लागला. माझ्या कोंढ्याच्या गाडीत इशाऱ्याची दांडी उजव्या हाताला, इथं ती डाव्या हाताला. गिअर आपोआप बदलणारे, म्हणून डाव्या पायाला कामच नव्हतं. पण पंचवीस वर्षांची सवय असलेला तो पाय क्लच शोधत सुटायचा आणि ब्रेकवर जोरात पडायचा. जावयांनी शेवटी मला डावा पाय मागे घेऊन खुर्चीला टेकवून ठेवायला सांगितलं. जणू वांड बैलाला दावं लावावं तसं.

त्यांनी एक खूण मात्र फार उपयोगाची शिकवली. म्हणाले, "मामाजी, डावं-उजवं डोक्यातून काढून टाका. एकच लक्षात ठेवा, चालवणारा माणूस नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ असतो. भारतात असो की अमेरिकेत, तुम्ही मधल्या रेषेकडे आणि शेजारी बसलेला कडेकडे." विचार केला तर खरंच आहे. आपण डावीकडून चालतो म्हणून आपलं चाक उजवीकडे, ते उजवीकडून चालतात म्हणून त्यांचं डावीकडे. मधली रेषा आपल्या खांद्याजवळ असली की आपण बरोबर आहोत असं समजायचं.

मग मला कुतूहल वाटू लागलं, की ही डाव्या-उजव्याची भानगड आली कुठून? आपल्याकडे डावी बाजू इंग्रजांबरोबर आली. जगातले जवळपास दोन तृतीयांश लोक उजवीकडून चालणाऱ्या देशांत राहतात. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपले बहुतेक शेजारी डावीकडून चालतात. आपल्या गोव्याची गोष्ट मोठी मजेदार आहे. पोर्तुगालनं १९२८ साली डावी बाजू सोडून उजवी धरली. पण त्यांच्याच ताब्यातला गोवा मात्र डावीकडेच राहिला, कारण त्याच्या सीमेला लागून ब्रिटिश हिंदुस्थान होता. सीमा ओलांडताना प्रत्येक गाडीनं बाजू बदलायची म्हणजे अवघडच. राज्यकर्त्यांची बाजू एक आणि शेजाऱ्याची दुसरी, तेव्हा गोव्यानं शेजाऱ्याची बाजू धरली. पूर्वेकडच्या आपल्या शेजारी म्यानमारनं १९७० साली डावी सोडून उजवी बाजू घेतली.

सर्वांत प्रसिद्ध बदल स्वीडनचा. ३ सप्टेंबर १९६७ या दिवशी पहाटे पाच वाजता सगळा देश डावीकडून उजवीकडे गेला. आधीचे काही तास खासगी वाहनांना रस्त्यावर बंदी होती. जी थोडी वाहनं रस्त्यावर होती ती पाचला दहा मिनिटं कमी असताना थांबली, सावकाश पलीकडच्या बाजूला गेली आणि पाचच्या ठोक्याला निघाली. फलक, सिग्नल, बसथांबे सगळं बदललं. बसची दारंसुद्धा दुसऱ्या बाजूला करावी लागली. त्यानंतर अपघात वाढतील अशी भीती होती. झालं उलटंच, अपघात कमी झाले. लोक इतके सावध होते की ज्याला त्याला आपण चुकू असं वाटत होतं. पण नवेपणा ओसरला, हात सरावले आणि दोनेक वर्षांत अपघात पुन्हा पहिल्याइतके झाले.

स्वीडनची ही गोष्ट मी पुढं अनेकदा मनात घोळवली, कारण माझंही नेमकं तसंच झालं. पण त्याआधी तिथल्या रस्त्यांवर काय पाहिलं ते सांगतो.

पहिलं नवल वाटलं ते चौकात. लहान चौकांत सिग्नल नसतो. चारी बाजूंना लाल रंगाची, आठ कोनांची 'थांबा' अशी पाटी असते. तिथं गाडी पूर्ण थांबवायची, चाक फिरता कामा नये. जो आधी आला तो आधी जातो. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. पोलीस नाही, शिट्टी नाही, कर्णा नाही. चार बाजूंच्या चार गाड्या आपापला क्रम ध्यानात ठेवून निघून जातात. लग्नाच्या पंगतीत वाढपी कसा क्रमानं पुढं सरकतो, तसं. एका रात्री अकराच्या सुमारास आम्ही परतत होतो. चौकात चिटपाखरू नव्हतं. मी जावयांना विचारलं, "कोणीच नाही, तर कशाला थांबायचं?" ते म्हणाले, "कोणी नाही असं आपल्याला दिसतं, मामाजी. आपण थांबतो ते न दिसणाऱ्यासाठी."

दुसरं नवल शाळेच्या पिवळ्या बसचं. ती बस थांबून तिचे लाल दिवे उघडझाप करू लागले की मागच्या गाड्यांनी तर थांबायचंच, पण समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे निदान २५ फूट लांब. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी वेग ताशी १० मैलांवर आणायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पहिली-दुसरीतलं एक पोरगं दप्तर फरफटवत बसमधून उतरलं. रस्ता ओलांडताना मध्येच त्याच्या हातातला कागद पडला, तो वाकून उचलला आणि सावकाश घरी गेलं. दोन्हीकडे मिळून दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. कोणी हूं की चूं केलं नाही. मी शिक्षक माणूस. शाळा सुटल्यावर मोठ्या रस्त्यावर पोरांना हात धरून ओलांडून देण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. त्या गाड्यांच्या रांगेत बसून माझा घसा दाटून आला, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

पायी चालणाऱ्याचंही तसंच. त्या राज्यात २०१० पासून असा कायदा आहे, की आखलेल्या पट्ट्यांवर कोणी रस्ता ओलांडत असेल तर चालकानं नुसतं हळू व्हायचं नाही, थांबायचं आणि तो माणूस जाईपर्यंत थांबूनच राहायचं.

काही गोष्टी डोकं फिरवणाऱ्याही होत्या. न्यू जर्सीत कित्येक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे बाहेर पडायचं, एक वळसा घ्यायचा आणि मग रस्ता ओलांडून डावीकडे जायचं. पाण्याच्या जगाच्या कानासारखा त्या वळशाचा आकार असतो, म्हणून त्याला नावही तसंच पडलं आहे. लाल दिवा असतानाही, मनाई नसेल तर, पूर्ण थांबून आणि पाहून उजवीकडे वळता येतं. पण तिथून जवळच असलेल्या न्यूयॉर्क शहरात तशी पाटी असल्याशिवाय वळता येत नाही. नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. वेगमर्यादा मैलांत. वस्तीत बहुधा २५, म्हणजे आपले चाळीस किलोमीटर. हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि रोज सकाळी वाचू लागलो. सौ. म्हणायची, "परीक्षेला बसलेल्या पोरासारखे दिसता."

पहिले दोन आठवडे मी एकही चूक केली नाही. भीती होती ना! तिसऱ्या आठवड्यात चूक झाली, आणि ती होण्याचं कारण म्हणजे रस्ता रिकामा होता.

मुलगी बाळंत होऊन दवाखान्यात होती. नात झाली होती. जावई रात्रभर तिच्याजवळ थांबले होते. पहाटे साडेपाचला मी आणि सौ. डब्यात डिंकाची खीर घेऊन निघालो. वाटेत दूध घ्यायला एका दुकानाशी थांबलो. दुकानाच्या आवारातून बाहेर पडून डावीकडे जायचं होतं. आता नीट लक्ष द्या. आपल्याकडे डावीकडे वळणं म्हणजे जवळचं वळण. कडेकडेनं लगेच वळलो की आपण आपल्या बाजूला. तिकडे डावीकडे वळणं म्हणजे दूरचं वळण. आधी जवळची बाजू ओलांडायची आणि पलीकडच्या बाजूला जाऊन मिळायचं. रस्त्यावर गाड्या असल्या की त्यांच्याकडे पाहून आपोआप उमगतं. त्या पहाटे एकही गाडी नव्हती. मनात नातीचे विचार. हातांनी पंचवीस वर्षांचं काम केलं. कडेकडेनं डावीकडे वळलो आणि आरामात निघालो.

थोडं गेलो असेन, तोच समोरून दोन दिवे थेट आमच्या अंगावर येताना दिसले. श्रोतेहो, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? 'काय माणूस आहे! चुकीच्या बाजूनं येतोय!' सौ.ही म्हणाली, "अहो, हा आपल्या बाजूनं कसा येतोय?" नातीचे आजी-आजोबा दोघंही ठाम होते, की चूक समोरच्याची आहे. मग एकदम कळलं. ब्रेक दाबला. समोरचा छोटा मालट्रकही थांबला. दोघांत पंधरा-वीस पावलांचं अंतर राहिलं असेल. त्यानं कर्णा वाजवला नाही. दिवे दोनदा मंद-तेज केले, हातानं पलीकडची बाजू दाखवली आणि मी गाडी नीट घेईपर्यंत तसाच उभा राहिला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तो काळजीनं पाहत होता.

पुढं रस्त्याच्या कडेला मी पाच मिनिटं गाडी उभी केली. हात थरथरत होते. मांडीवरचा खिरीचा डबा सौ.नं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तेव्हा हिऱ्या आणि मोऱ्या आठवले आणि बाबांचं ते वाक्य आठवलं. सरळ रस्त्यावर सगळं ठीक असतं. बैल काय, माणूस काय, वळणावरच जुनी बाजू वर येते. त्या दिवसापासून सौ.नं नियम केला. तिला गाडी चालवता येत नाही, पण प्रत्येक वळणाआधी ती मोठ्यानं म्हणायची, "उजवी बाजू." दवाखान्यापर्यंत अकरा वळणं होती. अकरा वेळा. तोंडानं म्हटलेलं हाताला ऐकू येतं, हा माझा अनुभव आहे. परदेशी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, की गर्दीत भिऊ नका, रिकाम्या रस्त्याला भ्या.

ऑगस्टमध्ये आम्ही परत आलो. रोवणीचे दिवस होते. आता आपल्या गावात काय अडचण, असं वाटलं. पहिल्या दिवशी गाडीच्या डाव्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि स्वतःशीच हसलो. सौ. काही दिवस वळणावळणावर "डावी बाजू" म्हणत राहिली. बाजू आठवड्यात अंगवळणी पडली. खरी अडचण पुढं आली, आणि तीच सांगण्यासाठी मी आज बोलतो आहे.

एका सकाळी भंडारा-पवनी रस्त्यानं गावाकडे येत होतो. शाळेची वेळ. रस्त्याच्या कडेला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सायकल हातात धरून पलीकडे जाण्यासाठी ताटकळत उभी होती. पाच महिन्यांची सवय. मी गाडी थांबवली आणि तिला हातानं 'जा' अशी खूण केली. ती निघाली. त्याच क्षणी माझ्या मागून एक मोटारसायकल आली, मी का थांबलो हे न कळून उजवीकडून पुढं गेली आणि त्या मुलीच्या सायकलच्या पुढच्या चाकाला घासून निघाली. सायकल आडवी झाली. दप्तर उघडून वह्या-पुस्तकं रस्त्यावर पसरली. मुलीला लागलं नाही. पण तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. वीतभर अंतराचा प्रश्न होता.

मोटारसायकलवाला पुढं जाऊन थांबला आणि धावत परत आला. आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. मी त्याला बरंच बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही असे मध्येच थांबाल असं वाटलंच नाही." मी आणखी चिडलो. तेवढ्यात तिथला चहाटपरीवाला वह्या गोळा करत माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "गुरुजी, तुमी थांबले म्हनून तिनं पाय टाकला."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी चांगुलपणा केला होता ना? पण माझ्या चांगुलपणाची बातमी फक्त मला आणि त्या मुलीला होती. मागच्याला नव्हती. न्यू जर्सीत मी पिवळ्या बसजवळ थांबत होतो, तेव्हा माझ्या मागचा आणि समोरचाही थांबणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्याच्या जोरावरच ते पोरगं कागद उचलायला वाकू शकत होतं. इथं मी एकट्यानंच तो नियम पाळला, आणि एकट्यानं पाळलेल्या नियमानं एका मुलीला रस्त्याच्या मधोमध नेऊन उभं केलं. पन्नास वर्षांपूर्वी बैलांची बाजू बदलताना मी बैलांना विचारलं नव्हतं. या वेळी मागच्याला सांगितलं नाही. चूक तीच.

मग मी एक काम केलं, जे परवाना काढतानाच करायला हवं होतं. आपल्या देशाचे रस्त्यावरचे नियम वाचून काढले. १९८९ साली केंद्र सरकारनं ते केले होते, २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. वाचता वाचता मी थक्क झालो. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम आपल्याकडे १९८९ पासून आहे. पायी ओलांडण्याच्या पट्ट्यांजवळ वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला जाऊ द्यावं, हेही आपल्या नियमांत आहे. ज्या शिस्तीचं मी पाच महिने परदेशात कौतुक करत होतो, ती निम्मीअधिक आमच्याच पुस्तकात होती. परवाना खिशात बाळगणाऱ्या मीच ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. मग त्या पोराला काय बोलायचं?

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत जवळपास पाचांतला एक जण पायी चालणारा होता. त्याच्याकडे ना दिवा, ना कर्णा, ना लोखंडी पत्रा.

त्याच नियमांत मला माझ्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं, आणि ते माझ्या लहानपणचं निघालं. गाडी हळू करायची असेल तर चालकानं उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून, तळवा खाली ठेवून, वर-खाली हलवायचा. जुने एसटी चालक हे अगदी सहज करत. आम्ही पोरं मागच्या बंडीतून तो हात पाहायचो आणि बाबा लगेच कासरा ओढायचे. गाड्यांना मागं लाल दिवे आले आणि हात आत गेला. दिवा सांगतो, की गाडीला ब्रेक लागला आहे. हात सांगतो, की पुढं काहीतरी आहे, तूही थांब. आमच्या रस्त्यावर हाताची भाषा अजून लोकांना कळते.

तेव्हापासून मी असं करतो. कोणी ओलांडायला उभं दिसलं की बरंच आधी वेग कमी करतो. हात बाहेर काढतो. आरशात मागच्याला पाहतो. तो हळू झाला, थांबला, की मगच पुढच्याला खूण करतो. मागचा थांबत नसेल तर मीही थांबत नाही, आणि त्या माणसाला 'ये' म्हणून फसवत नाही. मागचा थांबल्याशिवाय पुढच्याला हात दाखवायचा नाही, हा मी माझ्यापुरता केलेला नियम आहे. तो कुठल्या पुस्तकात नाही. एका मुलीच्या पसरलेल्या वह्यांवरून तो मी शिकलो.

परदेशी जाणारी मुलं मला अधूनमधून विचारायला येतात, की सर, तिकडे गाडी चालवायची तर काय काय करावं? मी त्यांना परवान्याचं सांगतो, विम्याचं सांगतो, मधल्या रेषेची खूण सांगतो, वळणावर मोठ्यानं बाजू म्हणायला सांगतो. पहिले काही दिवस रात्री चालवू नका, शेजारी जाणता माणूस घ्या, हेही सांगतो. आणि शेवटी म्हणतो, की परत आल्यावरही मला भेटा. तिकडून आणलेली शिस्त इथं कशी उतरवायची, हे तेव्हा सांगीन. कारण तिकडे आपण त्यांच्या रीतीत जाऊन बसतो. इथं ती रीत आपल्याला चार जणांना बरोबर घेऊन पाडावी लागते.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. त्या दिवशी रस्ता म्हणजे माणसांचा पूर. गेल्या मंडईला मी गाडी घेऊन चाललो होतो. दोन म्हाताऱ्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन कडेला उभ्या होत्या. मी हात बाहेर काढला, वर-खाली हलवला आणि आरशात पाहिलं. मागं तणसानं शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर होता. तो हळू झाला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून पाहिलं आणि त्यानंही आपला उजवा हात बाहेर काढला. त्याच्या मागचे मला तणसामुळं दिसत नव्हते, पण समोरून येणारी जीपही थांबली. त्या दोघी टोपल्या सावरत, आपापसांत काहीतरी बोलत पलीकडे गेल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या पाहत नाहीत हेच मला फार आवडलं.